गिअरमध्ये लावलेली गाडी

हँडब्रेक मी ओढला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला बिचारी म्हणायला नको.

मी योगिनी. वय एकोणीस. दहावी बोर्डाच्या दीड महिना आधी सोडली. गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझ्या पप्पांच्या बोलण्याची नक्कल केली आणि मी डस्टर फेकला. बाईंना लागला नाही, फळ्याला लागला. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. तिथंच संपलं. शाळेचा कसलाच कागद माझ्याकडं नाही. लायसन होतं. माझा फोटो आणि माझं नाव असलेली, मी स्वतः मिळवलेली तेवढी एकच वस्तू.

पप्पा, म्हणजे ज्योतीराम, चाकणला यार्डात ड्रायव्हर. मूळचे लातूरकडचे. कंपनीतून नव्या गाड्या निघतात, त्या ट्रेलरवर चढेपर्यंत एका मोठ्या सपाट मैदानात उभ्या करतात, ते यार्ड. मला अठरा पूर्ण झाल्यावर लायसन निघालं आणि पप्पांनी मलाही तिथंच ठेकेदाराकडं चिकटवलं. मुली आम्ही तिघीच. यार्डाचा एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. गाडी लावली की पहिला गिअर टाकायचा आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा. गाडी तिथं महिना-महिना उभी असते, पावसात भिजते, आणि हँडब्रेक ओढलेला असला की मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर चिकटून बसतात. मग ती जागची हलत नाही. हँडब्रेक ओढलेली गाडी सापडली की सुपरवायझर हजेरीला सगळ्यांसमोर नाव घ्यायचा. माझं एकदाही घेतलं नाही. वर्षभरात माझा हात हँडब्रेककडं जायचाच बंद झाला. गाडी बंद, पहिला गिअर, दार, पुढची गाडी.

राहायला आम्ही पिंपळे गुरवला, बबनअण्णांच्या खोल्यांत. अण्णा इथले जुने, गावकीतले. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातून बंगला झाला आणि बंगल्याच्या मागं आमच्यासारख्यांसाठी बारा खोल्या. बंगला चौथऱ्यावर उंच. पुढच्या दारापासून लोखंडी गेटपर्यंत फरशीचा उतार. तो उतार मी रोज दोनदा चढले-उतरले असेन, पण त्याच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्या उतारावर लाल गाडी आली. दोन दारांची, बसकी, बोनेट एवढं लांब की त्यावर पापड वाळत घालावेत. ती चालत आली नाही, ट्रकच्या पाठीवर बसून आली. अण्णांचा मुलगा जयदीप सगळ्यांना सांगत होता, "झिरो किलोमीटर पायजे होती मला. शोरूमवाल्यांना चालवूच दिली न्हाई."

सगळे वा वा करत होते. मी गेटला टेकून त्याचे पाय बघत होते. माझी ती सवयच आहे, चालवणाऱ्याचे पाय बघायची. ट्रकवाल्यानं गाडी उतरवून आत लावली, जयदीप नुसता बाजूला उभा राहून "हळू, हळू" करत होता. कुणीतरी म्हणलं, जरा आवाज तरी काढ की राव. तर आत बसला, डावा पाय कुठं ठेवावा कळेना त्याला. मी बघितलं. त्यानं मी बघितलेलं बघितलं.

तेवढ्यात शालनकाकू, त्याची आई, दारात येऊन म्हणाल्या, "आता कुनी हात लावू नका. परवापास्नं पितृपक्ष लागतोय. दसऱ्याला पूजा करू, लिंबं फोडू, मगच भाईर काढायची."

जयदीपचा जीव भांड्यात पडला. मला हसू आलं.

दोन दिवसांनी जयदीप नळावर आला. पांढरे बूट, हातात फोन.

"योगिनी, एक काम होतं."

"बोला दादा."

"तू यार्डात मॅन्युअलच चालवतेस ना?"

"मग? तिथं काय बैलगाड्या असतात?"

इकडंतिकडं बघितलं त्यानं. "मी आजवर ऑटोमॅटिकच चालवलीय. मित्र म्हणले, खरी गाडी मॅन्युअलच घे, ऑटोमॅटिक पोरी चालवतात."

"पोरी," मी म्हणलं.

"तसं न्हाई गं. दसऱ्याला सगळी भावकी येणार. नोव्हेंबरात माझं लग्न, सासरवाडीचे पण येणार. त्यांच्यासमोर बंद पडली तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. ड्रायव्हिंग स्कूलला गेलो तर अर्धं गाव बघंल. तू शिकवशील का? पण कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या वडलांना पण न्हाई."

"मला काय मिळणार?"

"काय पायजे?"

"येताना मी चालवणार."

गुरुवार ठरला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, चाकणच्या आतल्या रस्त्यांवर कुत्री सोडली तर कुणी नसतं. काकू गुरुवारी भजनी मंडळासोबत दत्ताच्या देवळात जायच्या, दुपारपर्यंत यायच्या नाहीत. अण्णा त्यांच्या प्लॉटिंगच्या ऑफिसात. गाडी चोरून काढायची, चोरून लावायची. पितृपक्षात, पूजेच्या आधी. मला त्यात काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं का, ते अजून कळलेलं नाही.

पहिल्या गुरुवारी त्यानं गाडी अकरा वेळा बंद पाडली. मी मोजलं. प्रत्येक वेळी गाडी आचका द्यायची आणि आमची डोकी घड्याळाच्या लंबकासारखी पुढं-मागं. एका बंद कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला खुर्ची रस्त्याच्या कडेला आणून बसला होता. आठव्या वेळेला ओरडला, "साहेब, ढकलू का?"

"क्लच एकदम सोडू नका ओ!" मी डॅशबोर्डवर हात आपटला. "पायाखाली झुरळ नाहीये ते."

"सोडला हळूच."

"हळूच? गाडी हरणासारखी उडाली आणि म्हणे हळूच. ऐका. पाय वर घेत या, घेत या... आता गाडी थरथरतेय बघा. आली ना? इथं थांबायचं. इथं गाडी विचारते, जाऊ का? मग तुम्ही ॲक्सिलेटर द्यायचा, म्हणजे हो म्हणायचं."

"आणि न्हाई म्हणायचं असलं तर?"

"तर परत क्लच दाबायचा. घाबरलात की दोन्ही पाय दाबा, क्लच आणि ब्रेक. क्लच सोडून कुठं पळायचं नाही."

हे मी त्याला सांगितलं होतं. शंभर वेळा सांगितलं असेल. आणि हे पण सांगितलं होतं, "आधी क्लच दाबायचा, पार खालपर्यंत, मगच बटण. क्लच दाबल्याशिवाय ही गाडी चालूच होत नाही." त्याच्या तोंडात बसावं म्हणून मी त्याच्याकडून म्हणून घ्यायचे. क्लच, बटण. क्लच, बटण. शाळेतल्या पाढ्यासारखं.

दुसऱ्या गुरुवारी तो तिसऱ्या गिअरपर्यंत गेला आणि तिसऱ्यातून पहिल्यात टाकला. गाडी अशी किंचाळली की मला वाटलं खाली काहीतरी गळून पडलं. मी चिडून दार उघडलं आणि चालायला लागले. तो मागून गाडी घेऊन आला, पहिल्या गिअरमध्ये, काच खाली करून.

"ए बाई, बस की. चुकलं."

"गिअरला हात लावताना जरा लाज धरा. जीव असतो त्यात."

"तुझ्यात पण हाय जीव, मला खाशील तू."

मी बसले. खरं सांगते, माणूस वाईट नव्हता. एकदा म्हणाला, "घरी कुणी मला असं ओरडत न्हाई. बरं वाटतं." मी म्हणलं, रोज या, फुकट ओरडते.

येताना मी चालवायचे. ते कसं सांगू? यार्डात गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढं जात नाही. शंभर मीटर, वळण, लाव, उतर. दीड वर्षात हजारो गाड्या चालवल्या आणि एकीतही चौथा गिअर टाकला नव्हता. ह्या गाडीला सहा होते. तिसऱ्या गुरुवारी, नवरात्रातल्या, इंद्रायणीनंतर रस्ता मोकळा मिळाला आणि मी चौथा टाकला, मग पाचवा. गाडीचा आवाज बदलला, भांडणारा माणूस एकदम गप्प झाल्यासारखा. जयदीप म्हणाला, "तुझे डोळे बघ कसे झालेत." मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी रस्ता पित होते.

घरी आलो. त्याला रिव्हर्समध्ये उतार चढता येईना, म्हणून मीच उलटी घेतली. एका दमात चढवली, नाक गेटकडं. डोक्यात अजून पाचवा गिअर घुमत होता. गाडी बंद. पहिला गिअर. दार. वरून कव्हर टाकलं आणि मी शीळ घालत खोलीवर आले.

गिअरच्या जोरावर ती त्या उतारावर आठवडाभर उभी राहिली. कुणाला काही कळलं नाही.

दसरा पण गुरुवारीच आला.

सकाळी नऊला उतारावर पन्नास माणसं. गाडीला झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला आपट्याची डहाळी. जयदीप पांढऱ्या कुडत्यात, गॉगल लावून. त्याचे होणारे सासरे खुर्चीत. आई नवरात्राला गावी गेलेली, म्हणून मी आणि पप्पा दोघंच आलो होतो. भाडेकरूंनी उभं राहायचं तिथं, गेटच्या बाहेरच्या बाजूला, उभे होतो.

काकूंनी गाडीला ओवाळलं. अण्णांनी नारळ फोडला. मग चार लिंबं चार टायरखाली. तीन, म्हणजे मागची दोन आणि पुढचं उजवं, कुणा पोरांनी ठेवली. पुढचं डावं काकू स्वतः ठेवायला गेल्या. ठेवलं, आणि लिंबू घरंगळत गेटपर्यंत आलं. माझ्या पायाशी.

"आगं दे बरं इकडं," काकू म्हणाल्या.

मी गजांतून हात घालून दिलं. त्यांनी परत ठेवलं, ते परत सुटलं. लोक हसले. काकूही हसल्या. "आज लिंबालाबी घाई झालीय," म्हणाल्या, आणि खाली बसून लिंबू टायरखाली दाबून धरलं. "जयदीप, तू चालू कर. हलवू नगंस. मी सांगते मंग हाल."

लिंबू दोनदा घरंगळलं तेव्हा मला उतार दिसला. इतकी वर्षं तिथं राहून त्या क्षणी दिसला. आणि माझा डावा हात, जो गेल्या गुरुवारी गिअरवरून हँडब्रेककडं न जाता सरळ मागं आला होता, तो मला आठवला.

"दादा, थांबा! क्लच दाबू नका!"

सनई लावली होती. जयदीपनं माझ्याकडं बघितलं, मी हात हलवतेय म्हटल्यावर हसला, अंगठा दाखवला. मी शिकवलं होतं तसंच त्यानं केलं. आधी क्लच, पार खालपर्यंत. मग बटण.

क्लच दाबला तशी गाडीला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. ती सुटली. इंजिन चालू झालं, काकू ओरडल्या, आणि जयदीप घाबरला. घाबरून त्यानं पाय उचलला. नुसता डावा. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती. तिनं काकूंना उचललं आणि गेटवर नेऊन दाबलं.

मी गेटच्या ह्या बाजूला होते. काकूंचा चेहरा माझ्यापासून हातभर. मधे गज.

पुढचं सगळ्यांनी बघितलं, पण कुणी नीट सांगत नाही. गाडी बंद पडली होती. जयदीप स्टिअरिंग धरून तसाच बसलेला, त्याला उठताच येईना. माणसं बोनेटला रेटत होती, गाडी हलत नव्हती, कारण गिअरमध्ये. मी गेटवरून उडी मारली, दार उघडून जयदीपच्या मांडीवरून आत वाकले, गिअर न्यूट्रल केला, ओरडले, "ढकला!" दहा-बारा जणांनी गाडी मागं रेटली. आणि ती परत खाली येऊ नये म्हणून मी हँडब्रेक ओढला.

त्याशिवाय चालणारच नव्हतं. पण ओढताना मला हे पण कळत होतं, की आता जो कुणी बघेल त्याला हँडब्रेक ओढलेलाच दिसेल.

काकूंचा डावा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. दुपारी पिंपरीच्या हॉस्पिटलात तो काढला.

संध्याकाळच्या आत गावात तीन कारणं फिरायला लागली. गाडी पितृपक्षात घरात आणली. लिंबू घरंगळलं तोच इशारा होता. आणि तिसरं जयदीप सांगत होता, अगदी खरेपणानं, "हँडब्रेक ओढलेला होता, सगळ्यांनी बघितलाय. गाडीच फॉल्टी." मला वाटतं, त्याला खरंच तसं वाटत होतं.

पाच वाजता अण्णा आमच्या खोलीत आले. आजवर कधी आत आले नव्हते. खाटेवर बसले, पप्पा उभेच.

"ज्योतीराम, हॉस्पिटलवाल्यांनी पोलिसात कळवलंय. त्यांना कळवायच लागतं म्हनं. हवालदार येनार, जबाब घेनार. गाडीवर कोन हुतं ते लिहून द्यावं लागंल."

"जी," पप्पा म्हणाले.

"पोराचं लगीन हाय. सासरा समोर बसला हुता, त्यो काय बोलनार न्हाई. भावकीबी बोलनार न्हाई. तू डायव्हर मानूस हायेस. गाडी तू काढीत हुतास म्हनून सांग. जामीन मी देतो, वकील मी देतो. तुझ्या केसाला धक्का लागू देनार न्हाई."

"त्यांचं लायसन जाईल," मी म्हणलं. "यार्डातून काढतील."

"पोरी, मी तुझ्याशी बोलत न्हाई."

"पण मी तुमच्याशी बोलतेय. चालवत जयदीप होता. पन्नास माणसं होती तिथं!"

अण्णा उठले. दारात थांबून म्हणाले, "इतकी वर्षं राहाताय हितं. कदी काय कमी केलं का?" आणि गेले.

पप्पांनी दार लावलं. खाटेवर बसले, बराच वेळ पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिले. मग हळू आवाजात, "योगे, ती गाडी मागच्या आठवड्यात हालली व्हती. कव्हरची दोरी उलट्या बाजूनं बांधलेली व्हती. यार्डातली गाठ व्हती ती."

मी उठून दाराची कडी नीट लावली.

"हँडब्रेक?"

मी मान हलवली. नाही.

ते चिडतील असं वाटलं. मला चिडायला हवे होते. पण त्यांनी नुसतं गुडघ्यावर हात ठेवला. "मीच शिकवलाव तुला ते. उताराचं सांगायचं राहून गेलं. यार्डात उतार कुठं हाय?" मग म्हणाले, "माझंच नाव जाऊ दे. बराबर हाय ते."

"काही बराबर नाहीये!"

"वरडू नको. भिंती पातळ हाईत."

शनिवारी सकाळी काकू बोलायच्या अवस्थेत आल्या. हवालदार यायचे होते. पप्पा धुतलेला शर्ट घालून, लायसन खिशात ठेवून निघाले. मी स्कूटरवर मागं बसले. नको येऊ म्हणाले, मी ऐकलं नाही. रात्रभर मी एकच ठरवत होते. पप्पांचं नाव लागू द्यायचं नाही. ते लागलं तर आमचं घर चालवणारा माणूस संपला, आणि तोही माझ्या हातानं.

अण्णा आणि जयदीप हवालदारांना चहा पाजायला खाली गेले होते. पप्पा बाहेर बाकावर. मी सरळ आत शिरले.

काकू उशीला टेकून होत्या. चादरीला एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला मधूनच सपाट. मी तिकडं बघायचं नाही ठरवलं होतं, पण माझे डोळे माझं ऐकत नाहीत.

"योगिनी व्हय? ये." आवाज कोरडा पडलेला. "च्या प्यालीस का?"

त्यांनी असं विचारायला नको होतं.

"काकू, हँडब्रेक मी ओढला नव्हता." एका दमात बोलून टाकलं. गुरुवारचं, चाकणचं, रिव्हर्सचं, सगळं. "गाडी मी लावली होती. पप्पांना काहीच माहीत नव्हतं. नंतर न्यूट्रल करताना ओढला, म्हणून सगळ्यांना ओढलेला दिसला. अण्णांनी सांगितलं असेल तरी पप्पांचं नाव सांगू नका. ते गाडीजवळ पण नव्हते."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"त्याला चालवायला येत न्हाई, ते मला म्हाईत हुतं," काकू म्हणाल्या. "आई हाय मी त्याची. म्हनलं, शिकंल." मग माझ्याकडं बघून, "ब्रेक वढलेला आसता तर?"

"तर गाडी हलली नसती."

"त्यानं काय केलं आसतं तरी?"

इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. क्लच त्यानं सोडला. नुसती घरंगळली असती तर कदाचित ढकलून दिलं असतं तुम्हाला, पाय राहिला असता. दोन्ही पाय दाबा म्हणून मी शंभर वेळा सांगितलं होतं. पण त्या अशा बघत होत्या, तहानलेलं माणूस दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडं बघतं तसं.

"तरी नसती हलली," मी म्हणलं.

काकूंनी डोळे मिटले. "म्हंजी माझ्या पोरानं न्हाई केलं," म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. आणि दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखी त्यांची छाती वर-खाली झाली.

दार उघडलं. हवालदार, मागं अण्णा, जयदीप, शेवटी पप्पा. हवालदारांनी खुर्ची ओढली, कागद मांडीवर घेतला.

"ताई, जास्त त्रास देत नाही. गाडीवर कोण होतं, एवढं सांगा."

अण्णा म्हणाले, "तेच सांगत हुतो सायेब, आमचा डायव्हर, ज्योतीराम..."

"तुमी गप ऱ्हावा," काकू म्हणाल्या. "मला इचारलंय त्यांनी."

हवालदारांनी पेन उघडलं.

"ही पोरगी हुती," काकू म्हणाल्या. "योगिनी. तीच हुती गाडीवर."

मला वाटलं, चुकून म्हणाल्या. गाडी लावली होती म्हणायचं असेल. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर हलवली नाही. चुकून नव्हतं ते. मी त्यांना एक खरं दिलं होतं आणि त्यांनी त्यात पोराला पुरेल एवढं खोटं मिसळून घेतलं होतं. जयदीपनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

"वहिनी, असं कसं बोलायलाव तुमी?" पप्पा पुढं आले. "साहेब, ती न्हवती, मी..."

"हो, मीच होते," मी म्हणलं.

"योगे!"

"पप्पा, गप बसा." इतक्या जोरात ओरडले की बाहेरून नर्सनं डोकावलं. "मीच होते. नाव नीट लिहा साहेब. योगिनी ज्योतीराम. यो ला काना-मात्रा."

हवालदारांनी लिहिलं. माझ्याकडं एकदा, जयदीपच्या पांढऱ्या बुटांकडं एकदा बघितलं. त्यांना कळलं असणार. कळून काय करणार? लायसन मागितलं, मी दिलं. फोटोत माझे केस विस्कटलेले होते. ते त्यांनी कागदाला टाचणीनं लावलं. टाचणी फोटोच्या गळ्यातून गेली.

"गाडी चौकीला लावावी लागंल आज," उठता उठता म्हणाले. "पंचनामा झालाय, पण तपासणीला आरटीओचा माणूस तिथं येणार. कोण आणतंय?"

"जयदीप," अण्णा म्हणाले, "जा, घिऊन ये."

जयदीप हलला नाही.

"अरं जा की! सायेब खोळंबलेत."

"आण्णा, मला येत न्हाई ती."

"काय येत न्हाई?"

"चालवायला." गॉगल त्याच्या हातात होता, त्याची काडी तो उघडत होता, मिटत होता. "मला जमतच न्हाई."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. एवढे दिवस त्यांना खरंच माहीत नव्हतं. काकूंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

पप्पा म्हणाले, मी आणतो. ते पुढं येण्याआधीच मी जयदीपपुढं हात केला. त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली. बोटं गार होती त्याची.

गाडी उतारावर होती तशीच, मागच्या दोन चाकांना दगड लावलेले. हारातला झेंडू काळा पडला होता. पुढचा बंपर आत गेलेला, बोनेटवरचं स्वस्तिक कुणीतरी पुसायला गेलं होतं आणि ते पसरून लालच्या लाल झालं होतं. मी दगड काढले, सीट पुढं घेतली. हवालदार बाजूला बसले, पट्टा लावला.

"लायसन माझ्याकडं हाय तुझं," म्हणाले.

"मग उतरू का?"

"चल, चल. हळू चालव."

क्लच, बटण. पायाखाली गाडी थरथरली, जाऊ का विचारलं. मी हो म्हणलं. गेटमधून निघताना डाव्या गजावर नवा रंग दिसला, अजून ओला. आरशात पप्पा दिसत होते, मागून स्कूटरवर, हेल्मेट न घालता. कासारवाडीच्या पुलापर्यंत ट्रॅफिक होतं. दुसऱ्याच्या पुढं गिअर टाकायची वेळच आली नाही.

चौकीचं मैदान सपाट होतं, यार्डासारखं. जप्तीच्या दुचाकी, एक जळलेला टेम्पो. हवालदारांनी भिंतीजवळची जागा दाखवली. मी गाडी लावली, बंद केली, न्यूट्रल केली. आणि हँडब्रेक ओढला. कट्. कट्. कट्. अजून ओढला. कट्.

"अगं बास," हवालदार म्हणाले, "तुटंल ते."

मी दोन्ही हातांनी धरून तो अजून एक खाच वर घेतला. मग उतरायची वेळ झाली तरी माझा हात तिथून निघेना.